सिस्टर, ओव्हर कुणाला द्यायची?

नव्या वाचकांसाठी आधी एक खुलासा. मी समुपदेशक नाही. सदतीस वर्षं सरकारी दवाखान्यांत नर्स होते, परिसेविका म्हणून २०२० साली निवृत्त झाले, मिरजेत राहते. या सदरात मी उत्तरं देते ती वॉर्डात नातेवाइकांना द्यायचे तशीच. जिथं डॉक्टर लागतो तिथं डॉक्टरकडे पाठवते. या महिन्यात पत्रांचा गठ्ठा नेहमीपेक्षा जाड होता आणि त्यात पंचेचाळीस ते पंचावन्न वयाच्या बायकाच जास्त होत्या, म्हणून हा अंक त्यांच्या नावावर.

*

सिस्टर, मी ४९ वर्षांची. पाटण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेवर आहे, नोकरी १९९९ पासून. सासूबाईंना दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून त्या अंथरुणावर. मिस्टर पतसंस्थेत, मुलगा बारावीला. शाळेत शिकवण्यापेक्षा ऑनलाइन माहितीच्या लिंका भरण्यातच दिवस जातो, वर मतदारयादीचं काम, आणि आता या वयात टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. घरी आल्यावर मी दारातल्या नळाखाली हात धुते. हात स्वच्छ असतात तरी दोनदा धुते. तेवढा वेळ कुणी हाक मारत नाही. परवा पहिलीतल्या मुलीनं वही पुढं केली, मी न बघताच 'छान' म्हटलं. तिनं मुद्दाम कोरं पान दाखवलं होतं. सगळा वर्ग हसला. त्या रात्री मला झोप लागली नाही. वाटतं, स्वेच्छानिवृत्ती घ्यावी आणि नव्यानं काही सुरू करावं. मला रानभाज्यांचा नाद आहे. पूर्वी मुलांबरोबर पानं वाळवून वह्या करायचे, त्यातलंच काही करता येईल. मिस्टर म्हणतात, घे की, आईकडे बघायलाही कुणीतरी होईल. काय करू?
एक शिक्षिका, सातारा जिल्हा

बाई, तुमच्या मिस्टरांचं वाक्य मी तीनदा वाचलं. माणूस वाईट नसावा, सहज बोलून गेला असेल. पण सगळं गणित त्या एका वाक्यात आहे. तुम्ही राजीनामा दिलात तर शाळा सुटेल, खाट सुटणार नाही. आज सहा तास शाळेत जाता म्हणून निदान सहा तास त्या खोलीबाहेर असता. रानभाज्यांच्या वह्या फडताळात राहतील आणि तुम्ही बिनपगारी, बिनरजेच्या पूर्णवेळ नर्स व्हाल. त्या नोकरीतलं मला चांगलं कळतं.

आधी नियमाचं सांगते, म्हणजे जीव थोडा खाली बसेल. तुमची नेमणूक १ नोव्हेंबर २००५ च्या आधीची, म्हणजे तुम्ही जुन्या पेन्शनवाल्या. वीस वर्षांची अर्हताकारी सेवा झाली की तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती मागता येते. तुमची वीस कधीच झाली. हे दार उघडं आहे आणि पुढच्या वर्षीही उघडंच असणार आहे, तेव्हा आज धावत जाऊन त्यातून उडी मारायचं कारण नाही. सेवापुस्तक मात्र एकदा पंचायत समितीत जाऊन नोंदी तपासून या. रजा, वेतनवाढी, नॉमिनी, सगळं. तेवढं केलं की 'मी अडकले' ही भावना निम्मी होते, असा माझा अनुभव.

आता माझं ऐका. २००८ साल. मी सेहेचाळीस वर्षांची, पुरुषांच्या मेडिकल वॉर्डला, सलग सहावी नाइट. पहाटे साडेपाचची इंजेक्शनं. अकरा नंबरच्या पेशंटची सिरिंज भरून मी नऊ नंबरच्या खाटेपाशी उभी होते, त्याची बाही वर केली होती. शिकाऊ नर्सनं माझं मनगट धरलं. 'सिस्टर, हे अकराचं.' एकोणीस वर्षांची पोर. मी आभार मानायचे सोडून तिच्यावर ओरडले. मग स्टोअररूममध्ये जाऊन सलाइनच्या खोक्यांवर बसले आणि ठरवलं, नोकरी सोडायची. राजीनामा तीन वेळा लिहिला. तिसऱ्या वेळी अक्षर चांगलं आलं होतं.

तो दिला नाही, कारण त्याच आठवड्यात लॅबमधल्या टेक्निशियनबाईंनी चहा पिता पिता माझी पापणी खाली ओढून पाहिली आणि जबरदस्तीनं रक्त काढून घेतलं. हिमोग्लोबिन ७.४. महिन्याला नऊ-नऊ दिवस अंगावरून जात होतं, चार वर्षं. गर्भाशयात गाठी होत्या. दिवसाला चाळीस जणांचे रिपोर्ट फायलीला लावणारी मी, माझं बोट कधी टोचून घेतलं नव्हतं. मग उपचार झाले, पंचेचाळीस दिवस अर्जित रजा टाकली, त्यातले पहिले दहा दिवस नुसती झोपले. हिमोग्लोबिन अकरावर आलं तसा राजीनाम्याचा विचार निम्मा विरून गेला. निम्मा राहिला. तो खरा होता.

म्हणून, बाई, कुठलाही अर्ज लिहायच्या आधी रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन, थायरॉइडसाठी टीएसएच, बी-१२, ड जीवनसत्त्व, साखर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्त कमी निघालं. पगार असलेल्या, दोन वेळ नीट जेवणाऱ्या बायकाही त्यात असतात. शिवाय तुमचं वय पाळी जाण्याचं. आपल्याकडे ती सरासरी ४६-४७ च्या सुमारास जाते आणि जाण्याआधीची काही वर्षं झोप, चिडचिड, विसरभोळेपणा, अंगाची आग हे सगळं आणते. त्याला औषधं आहेत, स्त्रीरोगतज्ज्ञाला विचारायला लाजू नका. आणि पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा डाग दिसला, तर तो अंगावर काढायचा नाही, त्याच आठवड्यात दाखवायचं.

रिपोर्ट हातात आले की उरलेल्या निम्म्याकडे वळू.

दवाखान्यात ड्यूटी संपताना आम्ही ओव्हर देतो. पुढच्या पाळीच्या सिस्टरला प्रत्येक खाटेपाशी उभं राहून सांगायचं: याला सलाइन चालू, याची लघवी मोजायची, याचे एक्स-रे यायचेत. ओव्हर दिली, सही झाली की मी मोकळी. नंतर अकरा नंबरला ताप आला तर तो तिचा. मी घरी जाऊन जेवू शकते. त्या धंद्यात माणूस तीस-पस्तीस वर्षं टिकतो तो या एका रिवाजामुळं. आपल्या घरात सगळं आहे, फक्त दुसरी पाळी नाही. शाळेतून आलात की तुमची दुपारपाळी, मग रात्रपाळी, आणि पहाटे तुम्हीच तुमच्याकडून ओव्हर घेता.

एक शंभर पानी वही घ्या. आठ दिवस सासूबाईंचं जे जे करता ते वेळेसह लिहा. अंग पुसणं, कूस बदलणं, चादर, औषधं, भरवणं, डायपर. (कूस दर दोन तासांनी बदलायला हवी. एकटीनं होत नाही म्हणून राहून जाते आणि मग पाठीला जखमा होतात. एअरबेड नसेल तर आधी तो आणा.) नवव्या दिवशी ती वही मिस्टरांपुढं ठेवा. भांडू नका, रडू नका, ओव्हर द्या. 'रात्री दहा ते सकाळी सहा तुमची पाळी.' ते पहिल्या रात्री चादर वाकडी घालतील. घालू द्या. उठून सरळ करायला गेलात तर ओव्हर परत घेतल्यासारखं होईल आणि पुढची दहा वर्षं ती तुमच्याकडंच राहील. मी तेच केलं होतं. आमचे हे एसटीच्या वर्कशॉपला. त्यांनी थापलेल्या पहिल्या भाकरीचे काठ इतके जाड होते की कुत्र्यानंही जरा विचार केला. मी हसले, तर पुढचे सहा महिने ते स्वयंपाकघरात फिरकले नाहीत. माझी चूक.

दीर-नणंदा आहेत का, ते तुम्ही लिहिलं नाहीत. असतील तर वहीची झेरॉक्स त्यांनाही. ज्याला येता येत नाही त्यानं पैसे पाठवायचे, म्हणजे दिवसपाळीला बाई ठेवता येईल. गणपतीला येऊन 'वहिनी किती करते' म्हणायचं, त्याला वर्गणी धरत नाहीत. बाई मिळाली की तिला आठवड्याची सुटी द्या. नाहीतर तिचीही तुमच्यासारखी गत व्हायची.

आता टीईटी. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालानं, ज्यांची पाच वर्षांपेक्षा जास्त नोकरी राहिली आहे त्या जुन्या शिक्षकांनाही दोन वर्षांत ही परीक्षा पास व्हायला सांगितलं. तुमची नऊ राहिली, म्हणजे तुम्ही त्यात आलात. सव्वीस वर्षं शिकवून झाल्यावर 'तुला शिकवता येतं का' हे विचारणं अपमानाचं वाटतं, ते मला समजतं. अपमान जरा बाजूला ठेवून पेपर बघा. दीडशे प्रश्न, अडीच तास, पास व्हायला खुल्या गटाला नव्वद गुण, राखीवला त्याहून थोडे कमी. चुकलं तर गुण कापत नाहीत. बालमानसशास्त्र तीस, दोन भाषा तीस-तीस, गणित तीस, परिसर अभ्यास तीस. परिसर अभ्यासात तुमच्याइतकं कुणाला येत असेल? केंद्रातल्या तीन-चार बाई मिळून शनिवारी शाळा सुटल्यावर दोन तास बसा. एकट्या रात्री जागून नको. तुमच्या रात्री आधीच कर्जात आहेत.

आणि रानभाज्या. यंदा काहीही 'सुरू' करू नका. व्यवसाय नको, चॅनेल नको. जूनच्या पहिल्या पावसानंतर टाकळा उगवेल, मग कुर्डू, भारंगी. एका शनिवारी त्या पहिलीतल्या मुलीला आणि तिच्या आजीला बरोबर घ्या आणि एक पान वाळवा. एकच. त्याखाली तिच्या आजीकडं त्या भाजीला काय म्हणतात ते लिहा. पाटणच्या प्रत्येक वाडीत नाव निराळं निघेल. पुढचं पुढच्या पावसात बघू. स्वेच्छानिवृत्तीचं आपण २०२७ मध्ये पुन्हा बोलू, तेव्हा निवांतपणे घेतलीत तर मी पेढे मागेन.

*

मी ५३, डोंबिवली. कधी नोकरी केली नाही. मुलगी बंगळुरूला, मुलगा कॅनडात. मिस्टर मागच्या वर्षी रिटायर झाले, आता दिवसभर घरी. चार वेळा चहा, दोन वेळा 'आज काय?'. मी इतकी थकलेय की कुकरची शिट्टी वाजली तरी दचकते. मैत्रिणी म्हणतात, जबाबदाऱ्या संपल्या, आता स्वतःसाठी जग. पण मला काय आवडतं तेच आठवत नाही. परवा हॉटेलात वेटरनं विचारलं तर मी म्हटलं, काहीही. नंतर वाटलं, मी नोकरी केली नाही, मग मला थकायचा हक्क तरी आहे का?
एक गृहिणी

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नावर मला राग आला. तुमचा नाही, ज्यांनी तो तुमच्या तोंडी घातला त्यांचा.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली 'बर्नआउट'ची व्याख्या केली. आजार म्हणून नव्हे, कामातून येणारी अवस्था म्हणून. तीन खुणा: अंगातलं त्राण संपणं, कामापासून मन उडणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्याला काही जमत नाही असं वाटणं. त्यापुढं स्पष्ट लिहिलंय की हा शब्द नोकरीधंद्याच्या ठिकाणापुरताच वापरायचा. म्हणजे कागदोपत्री तुम्हाला तो लागू नाही. ही ओळ लिहिली जात होती तेव्हा लिहिणाऱ्यांच्या घरी भांडी कोण घासत होतं, हा माझा प्रश्न.

आपल्याच सरकारचा वेळेच्या वापराचा सर्व्हे आहे, २०२४ चा. घरच्या बिनपगारी कामात बायका दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, पुरुष ८८. ही सरासरी कामाला हात लावणाऱ्यांचीच, जे लावतच नाहीत ते यात धरलेले नाहीत. २०१९ मध्ये हेच आकडे २९९ आणि ९७ होते. पाच वर्षांत आपली दहा मिनिटं वाचली आणि त्यांचीही नऊ. हिशेब तुम्हीच लावा. २८९ मिनिटं म्हणजे पावणेपाच तासांच्या वर, त्याला रविवार नाही, आणि तुम्ही हे तीसेक वर्षं केलंत. थकायला आणखी काय करायला हवं होतं?

आता मिस्टर. नव्यानं रिटायर झालेला पुरुष हा वॉर्डातल्या पहिल्या दिवसाच्या पेशंटसारखा असतो. बेल वाजवून बघतो, कुणी येतं का. तुम्ही प्रत्येक वेळी गेलात. त्यांना सकाळी सहा ते दहा स्वयंपाकघराची ओव्हर द्या. दूध, चहा, नाष्टा. तुम्ही त्या वेळेत घराबाहेर असायचं, हे महत्त्वाचं. आतल्या खोलीत बसून चालत नाही, तुम्ही भांड्याच्या आवाजावरून ओळखाल की चुकीचं पातेलं घेतलंय. बाहेर जा. कुठं, हे ठरवू नका. नुसतं चाला, फडके रोडच्या टोकाला बसा, लोकल बघा.

आवड आठवत नाही म्हणता, तर नावडींची यादी करा. ती बायकांना पटकन येते. मला दुधी आवडत नाही, पहाटे अंघोळ आवडत नाही, अमक्या मावशींचा फोन आवडत नाही, भिशीत जायला आवडत नाही. पन्नास झाल्या की त्यातल्या पाच बंद करा. त्यातून जी जागा होईल तिच्यात आवड आपोआप येऊन बसते किंवा नाही बसत. नाही बसली तरी दुधी गेला, हे काय कमी?

पत्राच्या वर कोपऱ्यात तुम्ही पेन्सिलीनं लिहून खोडलंय, मला भिंगातून वाचता आलं: 'बी.ए. पहिल्या वर्षाला सोडलं.' खोडायचं कारण नव्हतं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून अशाच लोकांसाठी चालू आहे, घरी अभ्यास करून परीक्षा देता येते. पण हे औषध म्हणून घेऊ नका. खोडलेलं पुन्हा पेननं लिहावंसं वाटलं तरच.

*

४५, पुण्यात आयटीत डिलिव्हरी मॅनेजर. टीममधली माणसं कमी केली, काम तेवढंच. सहा महिन्यांपूर्वी चाळीस हजार भरून 'नवी मी' छापाचा ऑनलाइन कोर्स केला. पहाटे पाचला उठणं, डायरी, कृतज्ञतेच्या दहा ओळी, दहा हजार पावलं, प्रोटीन मोजणं. आता मी यातही नापास होतेय. घटस्फोट होऊन चार वर्षं झाली, मुलगी दहावीला. कधीकधी वाटतं सकाळी उठूच नये. तुम्ही काय सांगाल?
पुणे

अगं, आधी तुझं शेवटून दुसरं वाक्य. 'उठूच नये' म्हणजे थकव्यानं अंथरूण सुटत नाही, की असण्याचाच कंटाळा आलाय? दुसरं असेल, दोन आठवड्यांहून जास्त असेल, तर हा अंक बाजूला ठेव आणि आज १४४१६ ला फोन लाव. सरकारची टेलिमानस सेवा आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. आणि या आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञाची वेळ घे. पायाला प्लॅस्टर घालावं तसं हे. त्यात कोर्सची गरज नाही, गोळी लागली तर घ्यायची. मुलीला आणि एका मैत्रिणीला सांगून ठेव. दहावीतल्या पोरींना आपण समजतो त्यापेक्षा बरंच कळत असतं.

आता त्या कोर्सबद्दल. बारा तासांच्या ड्यूटीवर तू आणखी दोन तासांची ड्यूटी चाळीस हजार देऊन विकत घेतलीस. कृतज्ञतेच्या दहा ओळी! मी वॉर्डात असताना मला कुणी पहाटे पाचला कृतज्ञ व्हायला सांगितलं असतं तर मी त्याला एनिमाच्या यादीत घातलं असतं. सगळं बंद कर. फक्त झोप आणि चालणं ठेव, पावलं न मोजता. पहाट तुझी नाही, काही हरकत नाही.

ऑफिसात 'मी थकले' असं सांगू नकोस, त्याचा अर्थ तिथं वेगळा लागतो. काम मोजून सांग. सात माणसांचं काम चार करतायत, यातलं कुठलं आधी आणि कुठलं या तिमाहीत होणार नाही, हे त्यांच्याकडून लेखी घे. नोकरी बदलायची असेल तर आधी सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढ, मुलीची फी धरून. तोवर 'नवी मी' जुन्या पगारावर राहू दे.

*

सिस्टर, बायको (वय ४७) हल्ली फार चिडचिड करते. तिला योगा क्लास लावून देऊ का?
एक पती, अहिल्यानगर

दादा, तुम्ही लिहिलंत याचं कौतुक. क्लास लावून देऊ नका. क्लासला ती कुठल्या वेळेत जाणार आणि त्या वेळेतलं काम कोण करणार, ते लिहून पाठवा. त्यानंतर योगा की आणखी काही, ते ती बघेल. आणि तिचं हिमोग्लोबिन.

*

शेवटचं पत्र ओळखीच्या बाईंचं. मागच्या वर्षी लिहिलं होतं त्यांनी, इचलकरंजीहून. तेव्हा यंत्रमागाच्या ऑफिसातली नोकरी सोडून डबे सुरू करणार होत्या, आणि मी मोठ्या उत्साहानं 'करा' म्हटलं होतं.

सिस्टर, आठ महिन्यांत बावीस डब्यांपर्यंत गेले आणि मग बंद केले. नोकरीत निदान पाचला सुटायचे. डब्यात सुटकाच नाही, घरी चौघांचा स्वयंपाक तो होताच. आता तीन माग कारखान्यांचे हिशेब लिहिते, अर्धा दिवस. दुपारी मोकळी असते. महानगरपालिकेच्या तलावात बायकांची बॅच असते, तिथं पोहायला जाते. वय ५१, अजून कडा सोडत नाही. लोक म्हणतात, धंदा बुडाला. मी हरले का?

बाई, सल्ला माझा होता, तेव्हा बुडालेल्यात माझाही वाटा धरा. मी एक गोष्ट विसरले होते. मुंबईत गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांसाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. त्या बायका आधीपासून हेच काम करत होत्या. त्यांना लागलं ते सावकाराऐवजी बँकेचं कर्ज आणि एकमेकींची साथ. स्वयंपाकानं थकलेल्या बाईला आणखी बावीस जणांचा स्वयंपाक सुचवणं हे निराळंच. तुमच्या हाताला चव आहे, एवढंच मी तेव्हा पाहिलं. तुम्हाला हिशेब आवडतो, ते तुमच्या त्या पत्रातही होतं: डब्याचा खर्च तुम्ही पैशापर्यंत मांडला होता, कांद्याच्या सालीसकट. मी ते वाचून पुढं गेले.

मी स्वतः काय केलं, तेही तुम्ही विचारलंय. रजेवरून परतल्यावर नाइट सोडून लसीकरणाची खोली मागून घेतली. पगार तोच, मान कमी. निवृत्तीनंतर मागच्या पडवीत सहा-सहा बायकांना घरच्या पेशंटची देखभाल शिकवते: कूस कशी बदलायची, नळीतून कसं भरवायचं, बीपी कसं बघायचं. नवं असं त्यात काही नाही, पस्तीस वर्षं केलं तेच. फक्त दुपारी चारला मी उठते, आणि तेव्हा कुणाचं काही अर्धवट असलं तरी उठते. पहिल्या दिवशी त्यांना मी ओव्हर द्यायला शिकवते, बीपी नंतर.

तलावाचं मात्र मला काही येत नाही. कृष्णेकाठी जन्मून पाण्याला भिते मी, २००५ च्या पुरानंतर तर जास्तच. तेव्हा पुढच्या पत्रात हारजीत राहू द्या. कडा सुटली का, आणि सुटली तेव्हा आधी पाय उचलले की हात, ते सविस्तर लिहा.